गुदगुल्या वेताळाचा नियम

दस्तगीर, तुला जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत, चाळिसाव्याची फातिहा अजून व्हायचीय, आणि तुझ्या लेकीनं मला कामाला लावलंय.

सोमवारी शबाना प्रेस बंद करून थेट माझ्याकडं आली. हातात प्रूफ. लग्नपत्रिकेच्या मोठ्या कागदाच्या कडेला, रिकाम्या पट्टीत, आपल्या भुतांच्या पत्त्यांच्या खेळाचं शेवटचं पान. चित्र तू काढलेलं, नावही तूच दिलेलं, गुदगुल्या वेताळ. नावाखाली नियमाची जागा कोरी. तिनं दोन चिठ्ठ्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. एकीवर तुझा नियम, दोन ओळींचा. दुसरीवर माझा, पाठपोट.

"चाचा, शुक्रवारी होटगीचा माणूस मशीन उचलणार," ती म्हणाली. "वैरागच्या लग्नाची ही शेवटची ऑर्डर. हिच्यात हे पान निघालं तर निघालं. कुठला नियम घालू, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, तुझा बाप असता तर भांडून ठरवलं असतं. ती म्हणाली, म्हणूनच तुमच्याकडं आले. तिची जुळे सोलापुरातल्या शाळेतली नोकरी, घर, सगळं सांभाळून प्रेस चालवणं तिला जमणार नाही, हे तुलाही माहीत होतं. तिला बोल लावू नकोस. मी नाही लावला.

तेव्हापासून दोन्ही चिठ्ठ्या समोर घेऊन बसलोय. माझ्या नियमात खोट नाही. खेळणारी पोरं ते पान मागतायत, माझा नियम घातला तर कुणाचं भांडण होणार नाही, हेही खरं. तरी हात पुढं होत नाही. समोरचा मेला म्हणून आपण भांडण जिंकलो, असं म्हणणाऱ्यातला मी नाही.

माग बंद पडले तेव्हा तू मला कटिंग मशीनवर बसवलंस. म्हणालास, थोडे दिन बैठ, दूसरा काम मिलेतक. दुसरं काम मिळालं नाही आणि मी ते शोधलंही नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दहाव्याची कार्डं. तू छापायचास, मी कापायचो. माझी शाळा चौथीपर्यंत, तू दहावी नापास. एवढ्या फरकावर तू मला अनपढ म्हणायचास आणि मी तुला नापास. दोघांनाही त्यात काही लागायचं नाही. आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि दुसऱ्या कुणी मारली तर मी ऐकून घेणार नाही.

मग तो कॉलेजचा मुलगा आला होता, आठवतंय? बाहेरच्या देशातल्या खेळाचे पत्ते घेऊन. राक्षस, ड्रॅगन, जादूगार. ह्याच्या नकला छापून द्या म्हणाला. तू सरळ नाही म्हणालास, दुसऱ्याचं पान आपल्या मशीनवर चढणार नाही. पण चार पत्ते बघायला म्हणून ठेवून घेतलेस आणि शबानाला वाचायला बसवलंस. इंग्रजीचं मराठी करता करता पोरगी घामाघूम झाली. एकेका पत्त्यावर एवढा मजकूर, की मुंगी त्याच्यावरनं चालत निघाली तर तिची दुपार होईल. हे झालं तर ते करायचं, पण ते आधीच झालेलं असलं तर हे नाही करायचं, आणि तिसरंच कोणी मध्ये आलं तर परत पहिल्यापासनं.

"ये खेल नै सिद्राम," तू म्हणालास. "ये तो कोर्ट का कागज है. इसमें हसना किधर है?"

मला उलट तो मजकूर आवडला होता. कुणीतरी बसून एकेक पळवाट बुजवली होती. त्या माणसाला मी मनात नमस्कार केला. आपलं भांडण तिथनंच सुरू झालं. खेळ नंतर.

खेळ तू साधा केलास. दोघांनी समोरासमोर बसायचं. प्रत्येकाच्या पुढं गावाच्या तीन वेशी. खविस, हडळी, वेताळ यांची पानं लावून आपल्या वेशी राखायच्या, समोरच्याच्या पाडायच्या. तिन्ही पडल्या की हरला. पानावर चित्र, त्याचा जोर किती तो आकडा, आणि खाली नियम. नियम तू लिहायचास. मी तो मोडून बघायचो. मोडला नाही तर छापायचा.

तुझं म्हणणं असं, की नियम कुणाच्या ध्यानात राहत नाही, हसू राहतं. म्हणून नियम हसण्याच्या पाठीवर बसवून पाठवायचा. होटगीची हडळ घे. 'जंक्शनला गाडी थांबलीय, पुढच्या फेरीला पोचते.' आज टाकली की लगेच लढत नाही, एक फेरी वाट बघायची. एकदा वाचलं की कुणी विसरत नाही. वैरागचा अडत्या, 'दोन्हीकडनं घेतो.' दोघांच्याही हातातलं एकेक पान गेलं. भुकेला खविस, 'जेवल्याशिवाय कामाला हात लावत नाही.' आधी आपल्याच बाजूचं एक पान खाणार, मगच लढणार. चांगलं होतं. लई चांगलं होतं. तेव्हा मी एवढंच विचारलं, की खविस एकटाच असला तर काय खाणार?

तू म्हणालास, खुद कू खाएगा.

मग लढणार कोण? तू डोकं खाजवलंस. एकटा असला तर उपाशी लढेल, निम्म्या जोरानं, असं ठरलं. एक ओळ वाढली. मी म्हटलं, शेजारी होटगीची हडळ टाकलेली आहे, पण तिची गाडी अजून पोचली नाही, तर तिला खाता येतं का? तू म्हणालास, गाडीत बसलेल्या बाईला कसं खाणार. मी म्हटलं, मग ती वेशीत आहे का नाही ते एकदाचं ठरव. अजून एक ओळ. संध्याकाळपर्यंत त्या खविसाच्या अंगावर एवढे नियम चढले की चित्र अंगठ्याएवढं झालं आणि त्याच्या जेवणाचा विनोद कुठं बसवायचा ते कळेना.

"तूने मेरे खविस कू वकील बना दिया," म्हणालास.

तुला वाटायचं मी मुद्दाम करतो. थोडं मुद्दाम करायचोही. पण मागावर एक धागा सैल सुटला तर पुढचं हातभर कापड वाया जातं, हे बघत माझी हाडं झिजली. खेळात नियम सैल सुटला की दोन मित्र एकमेकांची गचांडी धरतात. हे तू मानायचास, म्हणून तर प्रत्येक पान आधी माझ्याकडं आणायचास. आणि मीही मानायचो, की तू कापून टाकलेल्या माझ्या ओळींनी कुणाचं काही अडलं नाही. बोललो नाही तेवढं.

आपल्या भुतांचा जन्मही विचित्रच. कागद विकत आणायचा नाही हा तुझा हट्ट. पत्रिकेच्या कागदाची जी कड कापून फेकायची, तिच्यावर दोन पानं बसायची. म्हणून ज्या महिन्यात मुहूर्त जास्त त्या महिन्यात भुतं जास्त. चातुर्मास लागला की भुतं कमी, मोहरमात आणखी कमी. ज्या पानाच्या वाट्याला लग्नं थोडी आली ते दुर्मिळ झालं, त्यात आपली हुशारी काही नव्हती. गड्ड्याच्या जत्रेत पानांची बंद पाकिटं विकायला बसलो तेव्हा एक बाई विचारत होती, अडत्या एवढा का मिळत नाही? तू तिला शांतपणे सांगितलंस, बाई, त्या साली लगीनसराईच मंद होती. ती बिचारी मान हलवून गेली.

आणि ती बार्शीकडची पत्रिका. पट्टी कापायची राहून गेली आणि गठ्ठ्यातनं तशीच गेली. नवरीच्या बापानं व्याह्यांच्या हातात मानानं पत्रिका दिली, त्यांनी उघडली, आणि घडीतनं खविस बाहेर. जेवल्याशिवाय कामाला हात लावत नाही. व्याह्यांना वाटलं नवरदेवावर टोमणा आहे. नवरदेव तेव्हा कामाला नव्हता, हे आपल्याला काय माहीत? नवरीचा बाप प्रेसमध्ये येऊन ती पत्रिका तुझ्यापुढं धरून उभा राहिला. तू हात जोडून त्याला समजावलंस, की साहेब, हे भूत आमच्या घरचं आहे, तुमच्या जावयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो माणूस खुर्ची ओढून बसला आणि डोळ्याला पाणी येईस्तोवर हसला. मी कटिंगच्या मागं उभा होतो. चूक तुझी होती दस्तगीर. गठ्ठा तू उलटा लावला होतास. मी कापलं ते रेघेवरच कापलं. तू गेलास म्हणून हे मी माझ्या अंगावर घेणार नाही.

तुझं लिहिलेलं वाचून मी तुझ्यासमोर मोठ्यानं कधी हसलो नाही, ते तुला लागायचं. पान माझ्या हातात देऊन तू माझ्या मिशीकडं बघत उभा राहायचास. मी म्हणायचो, दुसरी ओळ सैल आहे. तू निमूट पान उचलून न्यायचास आणि दुसरं आणायचास, पहिल्याहून सरस. हसलो असतो तर पहिलंच छापलं असतंस. हे मी अजून म्हणतो. पण गुदगुल्या वेताळ तू त्याच रागातनं काढलास, हे मला चित्र बघूनच कळलं होतं. ते पान माझ्यासाठी होतं.

तुझा पहिला नियम असा, की हे पान टाकणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं, समोरचा हसला तर त्याची एक वेस पडली. मी विचारलं, हसला म्हणजे काय? दात दिसले म्हणजे हसला का आवाज आला म्हणजे? खोकल्याच्या आडनं हसला तर? आधीपासनंच हसत असला तर? आणि ठरवणार कोण? तू एकेकाला उत्तर देत गेलास, मी लिहीत गेलो. दात दिसले तर अर्धं, आवाज आला तर पुरं, वाद झाला तर तिसऱ्या माणसाची साक्ष, ती शेवटची. चिठ्ठी पाठपोट भरली. तू ती घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी ती परत देऊन आपली वेगळी चिठ्ठी आणलीस, पहिली ओळ तीच. खाली एवढंच, हसला का नाही, ते ज्याचं त्यानं सांगायचं.

मी म्हटलं, हा नियम नाही, हा भोळेपणा आहे. वेस पडत असताना कोण कबूल करतो? साक्षीशिवाय नियम म्हणजे बिनकडीचं दार. तू म्हणालास, ज्याला खोटं बोलून जिंकायचंय त्याला आपल्या खेळात मजाच नाही, तो आपोआप जाईल. मी म्हटलं, जाणार नाही, तोच राहील आणि बाकीचे जातील. आठवडाभर आपण दुसरं काही बोललो नाही. त्याच आठवड्यात तुझं पोट दुखायला लागलं.

ऑपरेशननंतर मी दवाखान्यात आलो तेव्हा शबानानं मला दारातच अडवलं. अब्बाला हसवू नका, टाक्यांवर ताण येतो. मला हे सांगायची काय गरज होती? मी कुणाला कधी हसवलंय? तरी तोंड जमेल तेवढं कडक करून आत आलो, आणि तू ते तोंड बघूनच सुटलास. एका हातानं पोट धरून कळवळत होतास आणि हसत होतास. नर्स मलाच बोलली. मी गप उभा राहिलो तर तू आणखीनच.

तुझं मन दुसरीकडं वळवायला म्हणून मी वेताळाचा विषय काढला. माझ्याकडं तेवढाच एक विषय असतो. तू म्हणालास, तसाच ठेवणार.

"दस्तगीर, मी हसलो तर सांगणार न्हाय," मी म्हटलं. "हे आधीच सांगून ठेवतो."

तू डोळे मिटले होतेस.

"तू सांगशील की," तू म्हणालास.

मराठीत म्हणालास. भांडताना तू कधी मराठीत बोलायचा नाहीस. मी म्हटलं, उद्या देतो उत्तर. दुसऱ्या दिवशी मी जिना चढत होतो आणि शबाना उतरत होती. तिच्या हातात तुझा डबा होता, झाकण न काढलेला. आम्ही दोघं जिन्यातच उभे राहिलो.

कबरस्तानात मी मागं उभा होतो. तुझ्या नात्यातल्या लोकांनी मला पुढं बोलावलं, माती द्यायला. मूठ घेतली. माती दिली. ते उत्तर द्यायचं राहिलंय हे डोक्यात होतं, आणि उत्तर काय ते मात्र नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन प्रेसला गेलो. वैरागची ऑर्डर रात्री काढायची ठेवून शबानानं मशीनच्या मागच्या अंगाला प्लॅस्टिक बांधायला घेतलं होतं, अर्धं झालं होतं. शाईचा वास अजून तसाच. तुझ्या स्टुलावर मी बसलो नाही, तीही बसली नाही. मी म्हटलं, न खेळता नियम ठरवायचा नाही, ते आपल्यात कधी झालं नाही. प्रूफवरचं पान मीच कापलं. रेघेवर कापलं. मग कटिंगच्या टेबलावर आम्ही डाव मांडला.

आधी माझा नियम लावू म्हटलं. तो लागेना. वाद झाला तर तिसऱ्या माणसाची साक्ष, असं मीच लिहून ठेवलेलं, आणि प्रेसमध्ये आम्ही दोघंच. शबानानं चिठ्ठी वाचून परत टेबलावर ठेवली. तिसरा माणूस म्हणताना माझ्या डोळ्यापुढं तूच होतास, हे तिला सांगावं लागलं नाही. मी ती चिठ्ठी बाजूला सारली आणि तुझी पुढं घेतली. म्हटलं, चल, हिच्यावर खेळू, बघू कुठं मोडतो.

पोरगी चांगली खेळते, तुझ्यासारखी घाई नाही. माझ्या दोन वेशी पडल्या, तिची एकच. मी हडळ टाकून वाट बघत होतो. तेवढ्यात तिनं वेताळ टाकला. एक वाक्य बोलायचं होतं.

"अब्बा म्हणायचे," ती म्हणाली, "सिद्रामला न्यायला यम आला, की हा त्याला आधी खाली बसवून नियम विचारणार, आणि यमच कंटाळून एकटा परत जाणार."

एवढं बोलली आणि तिची मान खाली गेली. ओढणीचं टोक डोळ्याला लावून बसली.

दस्तगीर, मला हसू आलं. मिशीतलं नाही, पोटातनं आलं. पण आवाज झाला नाही, तेवढा मी सराईत आहे. शबानाचे डोळे झाकलेले. दारात ऊन, रस्त्यावर रिक्षा, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही. ती वर बघेपर्यंत माझं तोंड जागेवर आलं असतं. आलंही होतं.

"हसलो," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "कधी? मी नाही बघितलं."

"आत्ता हसलो. वेस पडली माझी."

"राहू द्या चाचा. नमुना डाव आहे. तुमची शेवटची वेस आहे ती."

"म्हणून काय झालं? हरलो मी."

ती म्हणाली, जे मी बघितलंच नाही ते कसं धरू, आणि तुम्हीच तर अब्बांना म्हणत होता की साक्षीशिवाय नियम नसतो. आपलं सगळं भांडण तिला पाठ आहे, माझ्या बाजूचंसुद्धा. मी चिठ्ठी तिच्यापुढं आपटली. वाच म्हटलं, काय लिवलंय. ज्याचं त्यानं सांगायचं. तू बघितलंस का न्हाय, ह्याचा हितं काही संबंध न्हाय. मी सांगितलं, संपलं. ती म्हणे, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मला राग आला. एवढ्या वयात मी कुणाला बरं वाटावं म्हणून डाव सोडलेला नाही, आणि तुझ्या पोरीसाठीही सोडणार नाही. हसू आलं म्हणून हसलो, हसलो म्हणून हरलो. आणि छापायचं तेच, दोन ओळी, एक अक्षर वाढवायचं नाही.

बराच वेळ लागला. तुझीच पोरगी ती, ऐकेना. तुझा एकेक मुद्दा मी तिला समजावला, जे तू मला सांगायचास ते सगळं. आवाज चढला माझा. शेवटी तिनं मान्य केलं की मी हरलो.